उंदीर-निवारण : प्रारंभिक ते विशारद

(जुन्नर-आंबेगावातल्या पेटीवाल्या, पखवाजवाल्या आणि साध्या घरवाल्या नवशिक्यांसाठी)

अभ्यासक्रमाविषयी

पियानोत उंदीर शिरू नये म्हणून कोणता पाला ठेवावा, कोणतं तेल शिंपडावं, याचं ज्ञान परदेशात मुबलक आहे. आपली अडचण एवढीच की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पियानो शोधायला निघालात तर माळशेजपासून भीमाशंकरापर्यंत चपला झिजतील. पेटी मात्र गावोगाव आहे. विठ्ठलमंदिराच्या कपाटात आहे, सप्ताहाच्या मांडवात आहे, नारायणगावच्या तमाशाच्या फडात आहे. शिवाय एखाद्या घरी ती माळ्यावर, ‘आजोबा वाजवायचे’ एवढ्या पुण्याईवर, गोधडीत गुंडाळून पडलेली आहे. उंदराच्या हिशेबी पियानो हा बंगला असेल तर पेटी म्हणजे वन रूम किचन. सोयी त्याच. लाकूड, बनात, चामडं, पुठ्ठा, आणि हे सगळं चिकटवायला सरस किंवा खळ. राहायला घर, अंथरायला गादी, आणि उपाशी झोपायची पाळी नाही.

पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली निघालं. पुढे कलकत्त्यात त्याला हाताचा भाता बसला आणि ते मांडी घालून वाजवता येऊ लागलं. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. त्या सगळ्या काळात पेटीला बिनशर्त आसरा दिला तो भजनी मंडळांनी, नाटक-तमाशावाल्यांनी आणि उंदरांनी. त्यामुळे उंदराचा पेटीवरचा हक्क अगदीच बिनबुडाचा नाही, हे विद्यार्थ्यानं सुरुवातीलाच मान्य करावं.

नैसर्गिक उपायांचा हा अभ्यासक्रम गाण्याच्या परीक्षांच्या पायऱ्यांनी लावला आहे. प्रत्येक परीक्षेला शास्त्र आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकासाठी उंदीर विद्यार्थ्यानं स्वतःचा आणावा.

प्रारंभिक : ओळख

*शास्त्र.* रात्री माळ्यावर जे जे खुडबुडतं ते ते उंदीर नव्हे. लांब तोंडाची, उग्र वासाची, भिंतीच्या कडेनं चिरकत पळणारी ती चिचुंद्री. ती झुरळं-किडे खाते, तिला संगीतात गम्य नाही, तिला जाऊ द्यावं. उंबऱ्याखाली मातीचा ढीग काढते ती घूस. ती पेटीत मावत नाही, पण तुमचं घर पेटीसकट खाली बसवू शकते. आपला विषय तिसरा : छोटा घरउंदीर. शाळेतली पेन्सिल कशीबशी जाईल अशा फटीतून, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरमधून, तो अंग चोरून आत येतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून पोट भरलेलं असलं तरी कुरतडणं चालूच. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतःच्या संसाराला लागतात. हिशेब करू नये, झोप उडते.

त्याला इथं कामधंद्याची ददात नाही. सातगाव पठारावर बटाट्याच्या आरणी, गावोगाव कांद्याच्या बराखी, बागायतीला ऊस, पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात भात आणि नाचणी. शेतात आहे तोवर तो शेतात. पाऊस लागून बिळात पाणी शिरलं, किंवा पीक निघून रान मोकळं झालं, की तो वस्तीकडे वळतो. नेमका त्याच पावसाळ्यात तमाशाचा फड बसलेला असतो. दसऱ्याला बाहेर पडलेली वाद्यं वैशाखातल्या यात्रा उरकून परत येतात आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत कोपऱ्यात जातात. उंदराचं पंचांग आणि फडाचं पंचांग असं एकमेकांत चपखल बसतं.

*प्रात्यक्षिक.* पेटीचं वरचं झाकण काढा, भाता ताणा आणि टॉर्च मारा. तांदळाच्या कणीएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या काळ्या लेंड्या दिसतील. चकचकीत असतील तर पाहुणे आत आहेत, भुरकट पडल्या असतील तर मुक्काम जुना. फुंकर मारू नका आणि कुंचाही फिरवू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. नाका-तोंडाला फडकं बांधा, हातात मोजे घाला, जंतुनाशकानं ओलसर केलेल्या कापडानं टिपून घ्या. भात्यात फूत्कार सोडून लेंड्या उडवणं हे कौशल्य कुठल्याच परीक्षेला नाही.

प्रवेशिका : वासाचे उपाय

*साहित्य :* पुदिना, कापूर, लाल तिखट, तंबाखू, कडुनिंब, उंदीरमारीचा पाला, आणि सल्ला देणारे किमान तीन शेजारी.

*पुदिना.* बाजारातून जुडी आणा. अर्धी चटणीला काढा, नाहीतर घरातून विचारणा होईल. उरलेली पेटीच्या आत पसरा. पहिल्या रात्री शांतता. ही शांतता चारचौघांत सांगून घ्या, कारण ती टिकत नाही. पान सुकतं, वास उडतो, आणि जो थोडाफार उरतो तो उंदराच्या अंगवळणी पडतो. पुदिन्याचं तेल जास्त तिखट, पण उडायला तेही तेवढंच तयार. रोज शिंपडत बसलात तर उंदराआधी पेटीचं पॉलिश आणि भात्याचं चामडं जाईल. ओल्या पाल्याचा आणखी एक गुण : आत ओल धरते, लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना अडकतात. मग ‘सा’ दाबला की ‘रे’ आपणहून खाली येतो, आणि बुवा म्हणतात, पोरगं हरकत छान घेतं.

*कापूर.* नैसर्गिक उपायांत याला मोठा मान. बाजारात मिळणाऱ्या वड्या बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतात, ही गोष्ट सल्ला देणाऱ्या काकूंना सांगू नये, त्यांचं मन मोडतं. काकूंना सांगायची गोष्ट वेगळी : लहान मुलानं कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा वड्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत.

*लाल तिखट.* तत्त्व बरोबर आहे. मिरचीची आग उंदरालाही आपल्यासारखीच लागते. चूक आहे ती जागेची. पेटी हे हवा बाहेर फेकणारं यंत्र आहे, हे विसरून भात्यात मूठभर तिखट टाकलं तर पुढचा कार्यक्रम असा होतो : बुवा ‘रूप पाहता’ म्हणायला तोंड उघडतात, पेटीवाला जोरात हवा भरतो, सुरांच्या भोकांतून तिखटाचा भपका निघतो, पहिली शिंक टाळकऱ्याला येते, मग रांगेनं सगळ्यांना, आणि अभंगाचं ध्रुपद मंडळ डोळे पुसत म्हणतं. पाहणाऱ्याला वाटतं, काय हो भक्ती! तिखटाचा एखादा कण पितळी सुराच्या जिभेखाली अडकला की तो सूर मुका तरी होतो नाहीतर घरघरतो. उंदीर या सगळ्या वेळात माळ्यावर असतो. भजन संपल्यावर परत येतो.

*तंबाखू.* ‘आमच्या फडात तंबाखूचं पान ठेवायचे,’ असं सांगणारा माणूस हमखास भेटतो. पान ठेवायला हरकत नाही, राहील की नाही ते पेटीवाल्याच्या सवयीवर अवलंबून. उंदराला गादीत कापूस, कागद, बनात, पान, सगळं चालतं.

*कडुनिंब.* कणगीतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून घालतात, तिथं त्याचं काम चोख आहे. उंदराला मात्र कडू पाला बाजूला सारून ज्वारी खायला कोणी शिकवावं लागत नाही.

*उंदीरमारी.* बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतो ती, गुलाबी फुलांची गिरिपुष्प. नावावर भाळून लोक फांदी तोडून माळ्यावर टाकतात. मध्य अमेरिकेत या झाडाची साल नि पाला धान्याबरोबर शिजवून, आंबवून उंदरांना घालतात. आंबल्यावर त्यातल्या कुमारिनपासून रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होतं आणि उंदीर रक्तस्रावानं मरतो. त्याच जातीचं वॉरफरिन १९४८ पासून उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं. म्हणजे हे झाड खाल्लं तर विष आहे. नुसतं वाळत टाकलं तर सरपण आहे.

*परीक्षेसाठी लक्षात ठेवायचा नियम :* वासाचा पहिला दिवस उपायाचा, दुसरा सवयीचा, तिसरा उंदराचा. वासाचे उपाय अगदीच वाया जातात असंही नाही. घरात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि कपाटाला छान वास येतो.

मध्यमा : प्राणिमात्रांची मदत

*मांजर.* मांजराचा वास उंदराला उपजतच नकोसा. पण टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण झालेल्या उंदरांना त्या वासाची भीतीच उरत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. अशा उंदराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम मांजराला करावं लागतं. शिवाय मांजराला पेटीचा भाता नखं घासायला आवडतो, तेव्हा नुकसान कोणाच्या हातून व्हावं एवढंच तुम्ही ठरवायचं. आपल्या भागात मांजर रात्री बाहेर ठेवणंही धोक्याचं. उसातला बिबट्या कुत्री-मांजरं उचलतो, माणसांचेही जीव गेले आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, मांजरांसाठी नाही. मांजर घरात घ्या आणि दार लावून घ्या.

*धामण.* उंदरांवरचा सर्वांत नैसर्गिक उपाय. बिनविषारी, बिनपगारी, बिळात शिरून काम करते. दिसली की लोक काठी घेऊन धावतात, आणि मग पुढच्या पावसाळ्यात ‘यंदा उंदीर फार’ म्हणतात. मात्र उंदरांच्या मागावर घरात येणारं प्रत्येक जनावर धामण असत नाही. नाग आणि घोणसही त्याच वासावर येतात. शेतावरच्या घरात उंदीर नको याचं खरं कारण भाता किंवा भाकरी नव्हे, हे आहे.

*गव्हाणी घुबड.* पांढऱ्या, पानासारख्या तोंडाचं. जुन्या वाड्यांत, विहिरींच्या कपारींत राहतं आणि रात्रभर उंदीर वेचतं. त्याला ओरडताना ऐकून घरावर संकट येणार म्हणतात. संकट येतं, पण ते उंदरांच्या घरावर. वाड्यात जोडी असेल तर हुसकू नका. पेटीजवळ बसवू मात्र नका, त्याला ताल नाही.

*विष.* हे नैसर्गिक नसल्यानं अभ्यासक्रमाबाहेर. विष खाल्लेला उंदीर मरायला भिंतीत नाहीतर भात्यात जातो आणि आठवडाभर भजनाला कोणी पुढे बसत नाही. तो उंदीर खाऊन मांजर किंवा घुबडही मरू शकतं, म्हणजे मध्यमेचे तुमचे दोन्ही परीक्षक गेले.

*देव.* इथं विषय नाजूक होतो. ज्या तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर, तिथं उंदराविरुद्ध उघड मोहीम काढताना जीभ अडखळते. डोंगर पोखरून उंदीर काढणं ही म्हण इतरांनी फजितीसाठी वापरावी. जुन्नरच्या भोवतीचे डोंगर दोन हजार वर्षांपूर्वी पोखरले गेले ते भिक्खूंसाठी, पुढे लेण्याद्रीच्या एका लेण्यात गणपती आला, आणि गणपतीबरोबर उंदीर आलाच. देवळातल्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची पद्धत आहे. ‘आमच्या पेटीत शिरू नको’ असं सांगायचा मोह आवरावा. निरोप वर जाईल की नाही कोण जाणे, पण पेटीचा पत्ता आपल्याच तोंडानं दिल्यासारखं होतं.

मध्यमा पूर्ण : वाद्यनिहाय काळजी

*पखवाज.* हा या पाठातला सर्वांत कच्चा विषय, आणि त्यावर हमखास प्रश्न येतो. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते. तीत लोहचुरा, आणि तो बसवायला भाताची नाहीतर पिठाची खळ. डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात, तेव्हा तो घुमतो. भजन संपलं की ती कणीक खरवडून काढायची असते. सप्ताहात रात्री अकरानंतर पुढचा संवाद कुठल्याही मांडवात ऐकायला मिळतो :

“नाना, कणीक काढली का?”

“राहू दे रे. पहाटं काकड्याला परत लावायचीच हाय.”

“उंदीर येतील ना.”

“माळकऱ्याच्या पखवाजाला उंदीर शिवत न्हाय, आबा.”

पहाटे काकड्याला नानांनी हात टाकला की डावीकडून ‘धूम’ ऐवजी ‘फट्’ येतं. उंदरानं कणीक खाल्लेली असते, आणि कणीक संपल्यावर तिची चव लागलेलं चामडंही. पुडी नवीन चढवायला वादी सोडण्यापासून सगळं आलं. कणीक काढायला दोन मिनिटं लागतात. काढलेली कणीक गाईला घाला, मंडपाच्या कोपऱ्यात टाकू नका, आणि त्या तोंडावरून ओलसर फडकं फिरवून ते कोरडं होऊ द्या.

*ढोलकी.* शाईची तीच गोष्ट. दोरी-कडीला अडकवून उंच टांगा, भिंतीला टेकवू नका. भिंत हा उंदराचा जिना आहे.

*पेटी.* भात्याच्या घड्या जिथं चिकटवलेल्या असतात त्या सांध्यांवर उंदराचा पहिला दात पडतो, तिथं सरस असतो. मग पट्ट्यांखालची बनात जाते आणि पट्ट्या खटखटू लागतात. शेवटी आत भजनाच्या वहीच्या कागदाचं घरटं. वही पेटीत ठेवायची सवय महाराष्ट्रभर आहे, ती सोडा. प्रसादाची खिरापतही तिथं ठेवू नका. एक खोबऱ्याचा तुकडा पुदिन्याच्या दहा जुड्यांना पुरून उरतो.

*पियानो.* सून पुण्याहून पियानो घेऊन आलीच, तर खालच्या पेडलांच्या फटी बघा. आत जायचा हमरस्ता तोच. हातोड्यांची लोकर घरट्याला जाते आणि मुतानं तारा गंजतात. बाकी काळजी पेटीचीच, फक्त दुरुस्तीचं बिल वाचायला चष्मा लागतो.

विशारद : जे खरोखर चालतं

या परीक्षेला विद्यार्थी कमी बसतात, कारण हिच्यात वास नाही, मंत्र नाही आणि शेजाऱ्यांना बोलायला जागा नाही.

एक. दिवसा घर अंधारं करून बाहेरून उजेड कुठून येतो ते बघा. पेन्सिल जाईल ती प्रत्येक फट शत्रूची. पाइपाभोवतालची, दाराखालची, खिडकीच्या चौकटीमागची. सिमेंटनं बुजवा, आणि सिमेंट ओलं असतानाच आत तारेची घासणी कोंबा. नुसतं लाकूड, बोळा किंवा थर्माकोल हे उंदराला न्याहारीचं वाटतं. झरोक्याला पाव इंचाहून मोठी जाळी नको.

दोन. कौलारू किंवा कुडाचं घर असेल तर घर बुजवण्याच्या भानगडीत पडू नका. शिवनेरीच्या अंबरखान्यालाही कोणी हवाबंद म्हटलेलं नाही. घराऐवजी वाद्य बुजवा. बसकं झाकण असलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यात कोरड्या सुती कापडात पेटी, ट्रंक विटांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर.

तीन. धान्य पत्र्याच्या कोठीत. रात्री जनावरांची पेंड उघडी नको. बराखीतले सडके कांदे वेळच्या वेळी निवडा.

चार. सापळा भिंतीलगत, तोंड भिंतीकडे. छोटा उंदीर चौकस असतो, नवीन वस्तू हुंगून बघतो. शेंगदाणा किंवा तळलेल्या भज्याचा तुकडा पुरे. पकडलेला उंदीर पलीकडच्या आळीत सोडण्याची प्रथा आहे. पलीकडची आळीही तेच करते, त्यामुळे गावातली उंदरांची संख्या तीच राहते आणि त्यांची ओळखपाळख वाढते.

पाच. पेटी वाजवा. हा एकमेव नैसर्गिक उपाय, जो उंदराला परवडत नाही. त्याला वास सहन होतो, उपासही थोडा सहन होतो, सहन होत नाही ती रोजची हलवाहलव. जिथं महिनोन् महिने कोणी हात लावत नाही तिथंच तो पिल्लं घालतो. ज्या मंडळाची पेटी फक्त गोकुळाष्टमी ते गोकुळाष्टमी उघडते, त्यांच्या पेटीत दर अष्टमीला पाळणा तयारच असतो. दररोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा भाता हलवा, साती सूर दाबा. सूर लागला नाही तरी चालेल, भाता हलला पाहिजे.

तोंडी परीक्षा

*प्रश्न : खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगांचे संकेत ऐकू येतात. माळ्यावरचा उंदीर आमच्या घरच्यांना का ऐकू येत नाही?*
उत्तर : तिथं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तुमच्याकडे एकटी आजी आहे, आणि ती सांगते तेव्हा ‘काही नाही गं, वारा आहे’ असं म्हणायची पद्धत आहे.

*प्रश्न : सगळं करून उंदीर आलाच तर?*
उत्तर : येईल. फट शोधा. तो काही भिंतीतून अवतरत नाही.

*प्रश्न : मग पुदिना, कापूर वगैरे सोडून द्यायचं का?*
उत्तर : मुळीच नाही. आधी भोक बुजवा, मग पुदिना लावा. उंदीर गेल्याचं श्रेय पुदिन्याला द्यायला कोणी अडवत नाही, नैसर्गिक उपायांची कीर्ती आजवर अशीच वाढलेली आहे.

उत्तीर्ण विद्यार्थ्यांना विशारदाचं प्रमाणपत्र मिळेल. ते कागदाचं असल्यामुळे पेटीत ठेवू नये.